आवडाबायची अर्धी ओळ

आधीच सांगून टाकते, मी मूर्ख बाई आहे. ही गोष्ट मी शिवणखारच्या बालवाडीत दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी ऐकणारे घाबरायच्या आधी मीच घाबरते. पहिल्या वर्षी तर गोष्ट संपली, पोरं खिदळत घरी पळाली, आणि बांधावरून एकटीनं जायचा मला धीर होईना. पुढे कुणाचीतरी म्हैस चालली होती. म्हटलं, सोबत ती सोबत. तिच्या मागोमाग चालत राहिले, तिच्याशी इकडचं तिकडचं बोललेसुद्धा. ती आपल्या गोठ्यात शिरली तेव्हा बोलण्याच्या नादात मीही शिरले. गोठ्याची मालकीण धार काढायला बसली होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमालापण बांधू काय?"

वय विचारू नका. चाळिशी उलटली, एवढंच सांगते. तर आता जवळ सरका. दार लोटून घ्या कुणीतरी. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

आपल्या बांधावरची माती अजून ओली होती, तेव्हाची ही गोष्ट. तुमच्या पणजीच्या पणजीला विचारलं असतं, तर तीसुद्धा म्हणाली असती, लई जुनं हाय गो ते.

बांधाच्या अलीकडे घरं आणि भाताची शेतं. पलीकडे खाजण. खाजण म्हणजे भरतीला दर्याचं आणि ओहोटीला कुणाचंच नसलेलं रान. मांडीपर्यंत चिखल, आणि त्या चिखलात तिवरांची झाडं. एक तिवर दुसऱ्यासारखं, दुसरं तिसऱ्यासारखं. आत शिरलेल्या माणसाला मागे वळून पाहिलं तरी आपण आलो ती वाट ओळखू येत नाही.

त्या तिवरांत ती होती.

तिला नाव नव्हतं. नाव ठेवलं आणि चुकून तोंडातून गेलं, तर तिला वाटायचं आपल्याला बोलावलं. म्हणून नुसतं 'तिवरातली' म्हणायचे, तेही हळू. दिवस बुडायला आला की ती हाक मारायची. ओरडून नाही. आईच्या आवाजात, नाव घेऊन, लाडानं. त्या हाकेला ओ दिली की संपलं. ओ ज्या वाटेनं बाहेर पडते त्याच वाटेनं जीव बाहेर पडतो, असं म्हणतात. तिला कुणी पाहिलं होतं का? कुणीच नाही. पण प्रत्येकाच्या आत्याच्या जावेनं तिची हाक ऐकलेली होती.

आता गावातल्या बाया ओहोटीला खाजणापलीकडच्या खरपावर, म्हणजे पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या पट्ट्यावर, तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या काढायला जायच्या. होडीतून जायच्या, पाणी परतलं की परतायच्या. मोठी पोरं सोबत. तान्ही पाठीला. राहिली मधली, दोन पायांवर पळणारी आणि डोक्यानं अजून न पळणारी. त्यांचं काय करायचं? शिवणखारनं त्यावर एक उपाय काढला होता. पोराच्या कंबरेला सुंभ बांधायचा, सुंभाचं दुसरं टोक घराच्या मेढीला, म्हणजे खांबाला. आणि सुंभ तुटलाच तर दुसरा सुंभ असावा म्हणून तिवरातलीची गोष्ट. "ओ द्यायची नाय. आई दिसली तरी जायचं नाय. तोंडावर हात ठेवून गप बसायचं." आया हे सांगायच्या, तोंडावर हात ठेवून दाखवायच्या, आणि कामाला जायच्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पोरं जगावीत एवढंच होतं.

मथुरी म्हणून एक बाई होती. तिची पोर जिवी. जिवी आधी फार बोलायची म्हणे, कोंबड्यांशी, भिंतीशी, स्वतःच्या पायाशी. मेढीला बांधायला लागल्यापासून तिचं बोलणं आटत गेलं आणि एके दिवशी बंद पडलं. ओ देऊ नकोस, ओ देऊ नकोस, हे तिनं इतकं मनावर घेतलं की तिनं सगळ्याच हाकांना ओ देणं सोडलं. गाव तिला मुकी म्हणू लागलं. मथुरी आधी रडली, मग तीही म्हणू लागली.

अशा गावात आवडाबाय आली. खाडीच्या वरच्या अंगाचं कुठलंसं गाव तिचं, इथे लग्न होऊन आली. नवरा लवकरच तापानं गेला. तिचा एक पाय जन्मापासून आखूड. चिखलात उतरायचं तर दोन्ही पाय धड लागतात, म्हणून ती बांधावर बसून राही. "हिचा उपयोग काय?" असं गावानं बरेच दिवस एकमेकांना विचारलं, आणि मग तिच्यापुढे पोरं आणून टाकली. ज्या कामाला कुणी काम म्हणत नाही, ते असंच कुणाच्यातरी गळ्यात पडतं. मला ठाऊक आहे ना. माझ्या सासरी अजून सांगतात, "ती काय, दिवसभर पोरांत खेळते."

आवडाबायनं पहिल्याच दिवशी सुंभ सोडले.

गाव धावून आलं. मथुरी सगळ्यात पुढे. "सोडलंस? आणि खाजणात गेली म्हंजे?"

"जातील," आवडाबाय म्हणाली. "म्हणून तर मी बसलेय."

"तू तिवरातलीला मानत नाय काय गो?"

"मानते. मला तिची लई भीती वाटते. पण माझी भीती मी पोरांत कशाला वाटू?"

 गाव तसंच परत गेलं.

आवडाबाय काय करायची, ते आता ऐका. ती जमिनीवर बसायची. उभं राहून पोराशी बोलायचीच नाही. आखूड पायानं बसायला किती कष्ट पडत असतील, पण बसायची. रडणाऱ्या पोराला "गप" म्हणायची नाही, शेजारी बसून शिंपले लावत राहायची, मोठे एकीकडे, बारके एकीकडे. थोड्या वेळानं रडणारं पोर रडत रडतच म्हणायचं, "ह्यो बारका नाय," आणि शिंपला उचलून दुसरीकडे टाकायचं. केळीच्या सोपाच्या दोऱ्या देऊन गाठी मारायला लावायची, सोडवायला लावायची. बोटं पोरांचीच हवीत, ती स्वतः हात लावायची नाही. ओल्या गाठीवर एकेक पोर जीभ बाहेर काढून किती वेळ बसायचं!

दर्याची भीती घालायची सोडून तिनं पोरांना दर्या दाखवला. बांधाच्या कडेला काठी रोवून बसवायची. "बघा हं, पाणी कुठे आलं?" पाणी चढायचं, पोरं बघायची. "आता आपण काय करायचं?" कुणी म्हणायचं, पळायचं. कुणी म्हणायचं, झाडावर चढायचं. "बरं," ती म्हणायची, "आणि झाड कसं धरायचं, दाखव बघू."

आणि तिचं गाणं. ते मात्र सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय होतं. कारण ते अर्धं होतं.

*चिंबोरी चालली लग्नाला,*
*नेसली काय गो, नेसली काय?*

एवढंच म्हणून ती थांबायची. पुढची ओळ पोरानं द्यायची. ज्याची त्यानं, हवी ती. धोंडू नावाचा एक गोल पोरगा होता, तो ओरडायचा, "चिखल!" आंबी म्हणायची, "जाळं!" मग सगळी मिळून चिंबोरीला चिखल नेसवायची, जाळं नेसवायची, वरात काढायची. रोज तेच. पोरांना कंटाळा कसा तो यायचा नाही.

बाया जाता जाता टोमणे मारायच्या, "काय गो आवडे, पुढचं इसरलीस काय?"

"मला येतं," ती सांगायची. "त्यांचं ऐकतेय."

जिवीची पाळी आली की आवडाबाय तिच्याकडे बघून ओळ म्हणायची आणि थांबायची. जिवी बोलायची नाही. आवडाबाय थांबलेलीच. धोंडू चुळबुळायचा, मध्येच "चिखल" म्हणायला जायचा, तर त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. बराच वेळ झाला की मान डोलवायची, जिवीनं काहीतरी सांगितलं आणि तिला ते पटलं अशी, आणि पुढच्या पोराकडे वळायची.

मथुरीनं हे एकदा पाहिलं. तिला ते सहन झालं नाही. "मुकीची पाळी कशाला ठेवतेस गो? लोकं हसतात."

"तिची पाळी हाय म्हणून."

"ती बोलणार नाय."

"नको बोलू दे. पाळी तिचीच हाय."

असा एक हिवाळा गेला, पावसाळा गेला. आणि मग ती कार्तिकातली वद्य तेरस आली.

(दार लावलंय ना नीट? बरं.)

अवस जवळ आलेली, उधाण दिवसेंदिवस वाढत चाललेलं. त्या दिवशी आवडाबाय तापानं फणफणली होती. तिचं खोपटं बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्यानं उठवेना. पण ओहोटी कुणासाठी थांबत नाही, बायांना निघायलाच हवं. मग पोरं ठेवली मथुरीच्या सासूकडे. भिवाय तिचं नाव. म्हातारी वाईट नव्हती, थकलेली होती. थकलेलं माणूस जुनं जे येतं तेच करतं. तिनं अडगळीतून सुंभ काढले, पोरं मेढीला बांधली आणि ती गप्प राहावीत म्हणून तिवरातलीची गोष्ट सांगितली. नुसती नाही, रंगवून सांगितली. आज ती नक्की येणार. आईचा आवाज काढणार. हातात जाळ घेऊन शोधणार. जिथून ओ मिळेल तिथून ती पोर उचलणार.

आणि सांगून सांगून दमली, तिचा डोळा लागला.

पोरं घाबरली. घाबरलेल्या पोराला आपलं माणूस हवं असतं, आणि त्यांचं माणूस बांधाच्या दुसऱ्या टोकाला होतं. गाठी सोडवणं त्यांना येत होतं. एकानं दुसऱ्याची सोडवली, दुसऱ्यानं तिसऱ्याची. जिवीची कुणी सोडवली ठाऊक नाही, ती स्वतःच सोडवून उभी होती असं म्हणतात. बांधावरून गेलो तर लोक परत आणतील, म्हणून पोरं खाजणातून निघाली. खाजणात तेव्हा पाणी नव्हतं आणि कडेचा चिखल पोरांना पेलण्याइतका घट्ट होता. समोर आवडाबायच्या खोपटाचा धूर दिसत होता. मग तिवरं दाट झाली आणि धूर दिसेनासा झाला.

बाया परतल्या तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं आणि पाणी परतलं होतं. मेढीभोवती सुंभ पडलेले, सापानं कात टाकावी तसे. भिवाय उंबऱ्यावर बसून कपाळ बडवत होती. चिखलात बारक्या पावलांची रांग होती. ती तिवरांपर्यंत जात होती. तिथून पुढे पाणी होतं.

सगळं गाव बांधावर जमलं. हाका सुरू झाल्या. "धोंडूऽऽ! आंबेऽऽ! जिवेऽऽ!" आयांचा घसा फाटला. मग कुणीतरी म्हणालं, रागानं नका बोलवू, भितील. तशा आया लाडानं बोलवायला लागल्या. "ये गो माझी बाय. ये माझ्या राजा. मी आई हाय."

तिवरांतून काही नाही. पानसुद्धा हललं नाही.

आता मला सांगा, आत बसलेल्या पोरांना काय ऐकू येत असेल? दिवस बुडतोय. पाणी चढतंय. आणि आईच्या आवाजात, नाव घेऊन, लाडानं हाका येताहेत.

गड्यांनी झावळ्यांच्या चुडी पेटवल्या आणि ते पाण्यात उतरले. एका गड्याला तिवराच्या फांदीवर एक पोर दिसलंसुद्धा. तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून बसलेलं. तो चूड उंच धरून त्याच्याकडे धावला, आणि त्या जाळाकडे बघत बघत पोर मागे सरकलं, पाण्यात उतरलं आणि काळोखात गेलं. गडी परत आला. "मला बघून पळालं," एवढंच म्हणत होता. "मला बघून पळालं."

गावानं पोरं जगावीत म्हणून जे शिकवलं होतं, ते पोरं नीट शिकली होती.

हाका आवडाबायच्या खोपटापर्यंत पोचल्या. ती काठीवर रेलत आली. अंगात ताप, डोळे लाल, लुगड्याला चिखल. बांधावर आली आणि म्हणाली, "गप बसा."

तिचा चढलेला आवाज गावानं कधी ऐकलाच नव्हता. गाव गप्प झालं.

"हाका मारू नका. चुडी खाली घ्या."

"पानी चढतंय गो!" मथुरी ओरडली. "माझी पोर हाय तिकडं!"

"तू आई हायस हे त्यांना कसं कळायचं? तिवरातली पण तेच सांगते."

मथुरीनं तोंडावर हात ठेवला. रोज पोरीला दाखवायची, अगदी तसाच.

आवडाबाय बांधाच्या उतारावर, पाण्याच्या कडेला, चिखलात बसली. रोज बसायची तशी. आणि रोज म्हणायची तसं म्हणाली. मोठ्यानं नाही, घाईनं नाही.

*चिंबोरी चालली लग्नाला,*
*नेसली काय गो, नेसली काय?*

आणि थांबली.

पाणी चढत होतं. आया एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. मथुरीचं तोंड हाक मारायला उघडलं, तसं आवडाबायनं तिचं मनगट धरलं. तिचा तळवा इतका तापलेला होता की मथुरीच्या मनगटावर पुढे जन्मभर त्याचा डाग राहिला, असं म्हणतात.

तिनं पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा थांबली.

आणि तिवरांतून, डावीकडून, अगदी बारीक, रडवेला आवाज आला. "चिखल."

कुणाचीतरी आई किंचाळणार होती, पण आवडाबायनं वळून पाहिलं नाही, नुसता हात वर केला. "चिखल नेसली," ती म्हणाली, "बरी दिसते. वरात इकडून जाते गो, इकडून." गडी आवाजाच्या रोखानं गेले, चुडी न घेता, आवाज न करता, आणि त्यांनी धोंडूला फांदीवरून उचलून आणला. तो त्यांच्या खांद्यावरसुद्धा "चिखल, चिखल" म्हणत होता.

मग आंबी. मग आणखी एक. मग आणखी. तिनं ओळ म्हणायची, थांबायचं, आणि काळोखातून कुणीतरी आपली राहिलेली अर्धी ओळ द्यायची. तिला ठाऊक होतं कोण कुठली ओळ देणार, म्हणून प्रत्येकाला ती त्याच्याच शब्दांत उत्तर देत होती. सगळी पोरं झाडांवर होती, हात-पाय गुंफून, तिनं दाखवून घेतलं होतं तशी. पोरं बांधावर येत होती आणि आया त्यांना छातीशी धरत होत्या.

राहिली जिवी.

आवडाबायनं ओळ म्हटली. थांबली.

"ती बोलत नाय," मथुरी म्हणाली. तिचा आवाज पार खोल गेला होता. "तुला ठावं हाय, ती बोलत नाय. ती कशी बोलेल?"

"थांब."

"बुडंल ती!"

"तिची पाळी हाय. थांब."

तिवरांचे बुंधे दिसेनासे झाले. नुसते शेंडे राहिले, पाण्यावर डोकी काढून उभ्या माणसांसारखे. आवडाबाय थांबली होती. वारा पडला. 

आणि दूरवरून, सगळ्यात दाट रानातून, आवाज आला. घोगरा. कित्येक दिवसांत न वापरलेला.

"आईचं... लुगडं."

मथुरी मागे सरली.

"हा माझ्या पोरीचा आवाज नाय," ती म्हणाली. "नाय. नाय. माझी पोर मुकी हाय. ही तिवरातली हाय! आमच्या पोरीला घेतलं आणि आता बोलतेय!"

झालं. जे गडी छातीभर पाण्यात उभे होते, ते मागे फिरले. एकेक करून बांधावर चढले. कुणी आवडाबायकडे बघेना. त्या आवाजाकडे जायला एकही पाऊल उचलेना. आणि पलीकडून तो आवाज पुन्हा आला, आता जरा लहान झालेला. "आईचं लुगडं. आईचं लुगडं नेसली." सगळ्या गावानं कानांवर हात ठेवले. आईनंसुद्धा.

(पाणी द्या जरा. नाही, मी ठीक आहे. तुम्ही मागे बघू नका, म्हणजे मीही बघणार नाही.)

आवडाबाय उठली. जो पाय चिखलात कधी उतरला नव्हता तो तिनं चिखलात घातला. काठी टेकत, बुडत, पुन्हा वर येत ती गेली. आणि जाता जाता बोलत होती, रोजच्यासारखंच. "लुगडं होय? कुठलं गो? हिरवं की तांबडं? किती लांब? चिंबोरीला मोठं नाय होणार?" आणि पलीकडून एकेक उत्तर येत होतं. हिरवं. लांब. मोठं होणार.

 मग पाण्यात काहीतरी दिसलं. आवडाबाय गळ्याइतक्या पाण्यातून येत होती आणि तिच्या खांद्यांवर जिवी बसली होती. तिनं पोर वर दिली. मथुरीनं हात पुढे केले नाहीत. तेव्हा जिवी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आये, मी हाय." आणि मग मथुरीच्या घशातून जे निघालं त्याला रडणं म्हणत नाहीत.

"चढ आता वर," लोक आवडाबायला म्हणाले, हात देत. "सगळी आली. एकूण एक आलं."

तेवढ्यात तिवरांतून आवाज आला.

लहान होता. कुठल्याच पोराचा नव्हता, सगळी पोरं बांधावर होती. आईच्या आवाजात तर मुळीच नव्हता. शब्द असे निघत होते, की ते बोलायचे असतात हे बोलणाऱ्याला नुकतंच कळलं आहे.

"नेसली... काय?"

आवडाबायनं मागे वळून पाहिलं. ती घाबरली होती.  मग तिनं धरलेला हात सोडला.

"एक राहिलंय," ती म्हणाली.

आणि परत गेली. ओरडू नका, रडू नका, असं सांगायला थांबली नाही. काही वेळ तिचं गाणं ऐकू येत होतं, ओळ, मग थांबणं, ओळ, मग थांबणं. मग भरती तिवरांच्या शेंड्यांवरून गेली.

सकाळी पाणी उतरलं. गावानं सगळं खाजण पालथं घातलं. आवडाबाय सापडली नाही, तिची काठीही नाही. पण जिथून ती आत गेली तिथल्या चिखलात एका आखूड पायाची पावलं होती आणि त्यांच्या शेजारून बारकी पावलं गेलेली होती. एवढी भरती येऊन गेली तरी पुसली नव्हती, असं म्हणतात. पुढच्या वर्षी त्या जागी नवी तिवरं रुजली, गोल करून, सगळी मधल्या रिकाम्या जागेकडे वाकलेली. अजून आहेत. होडीवाले तिथून जाताना वल्ही उचलून घेतात.

तिवरातलीची हाक त्या दिवसापासून कुणी ऐकली नाही.

जिवी पुढे खूप म्हातारी झाली आणि भरपूर बोलायची. पण त्या संध्याकाळचं ती एकदाच बोलली. झाडावर मी एकटी नव्हते, म्हणाली. शेजारी कुणीतरी बसलं होतं. माझा हात धरला होता. थंड होता हात, आणि माझ्या हातापेक्षा लहान होता. लोक हाका मारत होते तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त कापत होतं. त्याला कधीच कुणी बोलावलं नव्हतं.

आणि मथुरी? तिनं दुसऱ्या दिवशी तिसऱ्या काढायची टोपली आढ्याला टांगली, घरोघरचे सुंभ गोळा केले आणि चुलीत घातले. मग पोरांत जाऊन जमिनीवर बसली. तिला काही येत नव्हतं. तिनं अर्धी ओळ म्हटली आणि थांबायला शिकली. तिच्यानंतर जिवी बसली, जिवीनंतर आणखी कुणी. बसता बसता त्याची बालवाडी झाली, आणि बसणाऱ्या बायांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, देवाच्या लक्षात न येता, मीही येऊन बसले.

म्हणून शिवणखारात आजसुद्धा कुणी पोराला कशाची भीती घालत नाही. पोलिसाची नाही, बुवाची नाही, इंजेक्शनचीसुद्धा नाही. दिवस कलल्यावर बाहेरून नाव घेऊन पोराला बोलवत नाहीत. आई बालवाडीच्या दारात येते, चिंबोरीची ओळ म्हणते आणि थांबते. पोर आपलं उत्तर देतं, मगच दोघं घरी जातात. ते उत्तर पोरानं पहिल्या दिवशी स्वतः ठरवलेलं असतं. एकाची चिंबोरी गेली दोन वर्षं रेनकोट नेसतेय. जो बोलत नाही त्याची पाळी वगळायची नाही, हा इथला नियम आहे, सरपंचाच्या नातवाला आणि कातकरवाडीच्या पोराला एकच.

आणि सगळ्यांच्या पाळ्या घेऊन झाल्या की सुटायच्या आधी बाईनं खाजणाकडे तोंड करून ओळ आणखी एकदा म्हणायची. जे राहिलंय त्याच्यासाठी. म्हणायची आणि थांबायचं.

मी इमानेइतबारे थांबते. पाठीतून थंड काहीतरी चढत असतं, म्हणून तोंडानं आपलं काहीतरी चालू ठेवते, चला रे, चपला घाला, डबा कुणाचा राहिला, एवढंच. गेल्या आठवड्यात सुटताना मी आमच्या मदतनीस ताईंना म्हटलं, "इतकी वर्षं रोज विचारतो आपण, पण पलीकडून कधी काही ऐकू आलं नाही हो."

नवीनच आलेली इच्छा नावाची पोर दाराशी बसून सँडलचा पट्टा लावत होती. चार वर्षांची आहे. तिनं मान वर केली नाही.

"रोज येतं," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही बोलत असता."